पेटीवर नाव नाही : जॅझच्या अनोळखी फितींच्या नोंदी

५ जानेवारी

एका जॅझ संग्राहकाची पेटी आमच्या ऐकणाऱ्यांच्या गटाकडे आली. म्हणजे पेटीतला ऐवज फाइलींच्या रूपात आला. मूळ कॅसेटी आणि स्पूल संग्राहकाच्या घरच्यांनी स्वतःकडेच ठेवली आहेत, आणि ते योग्यच आहे. गृहस्थांनी आयुष्यभर जॅझ ऐकलं, मिळेल तिथून उतरवून घेतलं, पण लिहून ठेवायचा त्यांना मनस्वी कंटाळा. लेबलांवर मजकूर असा: "छान टेनर" (म्हणजे टेनर सॅक्सोफोन). "रेडिओ, रात्री". "महोत्सव?" एका कॅसेटवर नुसतं "हे ऐक". कोणाला सांगितलंय, देव जाणे.

आपल्याला दोन कामं करायची आहेत. आधी यातलं जमेल तेवढं ओळखायचं. मग मे महिन्यात सलग तीन संध्याकाळी गटाने एकत्र बसून महोत्सवांतली ध्वनिमुद्रणं ऐकायची, त्याचा कार्यक्रम आखायचा.

ओळखण्याची पद्धत जुनीच. समीक्षक लेनर्ड फेदरने १९४६ मध्ये 'मेट्रोनोम' मासिकात डोळे बांधून ऐकायची परीक्षा सुरू केली, पहिली बसली पियानोवादक मेरी लू विल्यम्स. नाव न सांगता तबकडी लावायची आणि कलाकाराला बोलतं करायचं. आपण त्यात एक भर घालतो: प्रत्येकाने आधी लिहायचं, मग बोलायचं. नाहीतर सॅक्सोफोन ऐकून पहिला माणूस "हा कोल्ट्रेन" म्हणतो आणि त्यानंतर सगळ्यांना कोल्ट्रेनच ऐकू येतो.

माझा आग्रह आणखी एक आहे, आणि त्यावरून आजच वाद झाला. ऐकायला खालून सुरुवात करायची: आधी ड्रम, मग बास, मग पियानो, आणि पुढे उभा राहून वाजवणारा सगळ्यात शेवटी. काकांना हे उलटं वाटतं; त्यांच्या मते सूर ज्याचा, ओळख त्याची. पण आल्टो सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करची नक्कल दोन पिढ्यांनी केली आहे, टेनरवाल्या लेस्टर यंगची तर त्याच्या हयातीतच होत होती. यंग 'प्रेझ', म्हणजे प्रेसिडेंट, म्हणून त्याच्यासारखं वाजवणाऱ्या पॉल क्विनिशेटला 'व्हाइस प्रेझ' म्हणत, ते काही उगाच नाही. नुसत्या सुरावर भिस्त ठेवली की नक्कल आणि अस्सल यांत आपण अडकतो. ताल सांभाळणारी माणसं कोण हे कळलं की मात्र वर्ष हाती लागतं, कारण अमक्या ड्रमरने तमक्याबरोबर वाजवलं तो काळ बहुधा थोडाच असतो.

काकांनी "बघू" एवढंच म्हटलं. काका आयुष्यभर टेप यंत्रांशी झटले आहेत, त्यामुळे त्यांचं "बघू" वजनदार असतं.

११ जानेवारी

फाइल ४. टेनर सॅक्सोफोन आणि बास, बस्स. ड्रम नाहीत, पियानो नाही. म्हणजे माझा नियम पहिल्याच घासाला खडा. मोठं सभागृह, भरपूर टाळ्या, आणि लय अशी की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी.

गटातल्या धाकट्याने कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांची जुळणी) ऐकून "डोना ली" लिहिलं. त्याचा कान तयार आहे: कॉर्ड तेच, पण धून "इंडियाना". "डोना ली" याच कॉर्डवर बेतलेली आणि पार्करच्या गटाने ती मे १९४७ मध्ये मुद्रित केली. इथे मूळ धूनच वाजतेय, त्यामुळे हे त्याच्या आधीचंही असू शकतं. बीबॉपमधल्या, म्हणजे चाळीसच्या दशकातल्या नव्या जॅझमधल्या, निम्म्या धुनी अशाच जुन्या घरांवर चढवलेले नवे मजले आहेत: "ऑर्निथॉलॉजी"खाली "हाउ हाय द मून", "हॉट हाउस"खाली "व्हॉट इज धिस थिंग कॉल्ड लव्ह". फितीची सुरुवात कापलेली असली तर मुखडा मिळत नाही आणि फक्त कॉर्डवरून धून ठरवावी लागते. अशा वेळी दोन्ही नावं लिहून ठेवायची.

उत्तर शेवटी ताईने दिलं, आणि बासवरूनच. ती स्वतः बास वाजवते. सोलोत बासवादक गज चालवतोय आणि त्याच वेळी गातोयही. "आवाज बासच्या एक सप्तक वर आहे," ती म्हणाली, "तो स्लॅम स्ट्यूअर्ट. मेजर हॉली असता तर आवाज बासच्याच सप्तकात असता." गजाने वाजवता वाजवता गाणारे बासवादक मुळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यात ही खूण म्हणजे सहीच.

मग पुढचं सोपं होतं. ९ जून १९४५, न्यू यॉर्कचा टाउन हॉल, टेनरवर डॉन बायस. कार्यक्रम सुरू व्हायच्या वेळी बाकीचे वादक पोचलेच नव्हते, म्हणून हे दोघेच उभे राहिले, अशी त्यामागची कथा. त्याच मैफलीतलं "आय गॉट रिदम" फाइलीच्या दुसऱ्या भागात निघालं. बायस पुढच्याच वर्षी युरोपला गेला आणि तिथेच राहिला. तो अमेरिकेत राहिला असता तर टेनरच्या इतिहासात त्याचं नाव आज किती वर असतं यावर आमची उरलेली संध्याकाळ गेली. ती इथे नोंदवत नाही.

१९ जानेवारी

फाइल ७, लेबल "छान टेनर". याच्यावर बराच वेळ जाणार हे पहिल्या मिनिटात कळलं.

तुकडा सोलोच्या मध्यातच सुरू होतो. टेनर, पियानो, बास, ड्रम. बारा मात्रांचा नव्हे, बारा बारचा ब्लूज (धाकट्यासाठी: एक बार म्हणजे इथे चार मात्रा). शेवटी कोणीतरी निवेदक बोलायला लागतो आणि फीत तुटते. बाजाची पेटी घेऊन बसलो तर पट्टी पांढरी सात निघाली. इथेच शंका आली. फुंकून वाजवायच्या वाद्यांना सोयीच्या पट्ट्या म्हणजे बी फ्लॅट, एफ, ई फ्लॅट. पांढरी सातमध्ये, म्हणजे बी मध्ये, रात्री क्लबात कोणी ब्लूज वाजवत नाही. वाजवू शकत नाही असं नाही, पण वाजवत नाही.

काकांनी फाइलीचा वर्णपट (कुठल्या वारंवारतेवर किती आवाज, त्याचा आलेख) काढला. तळाशी दोन आडव्या रेषा दिसल्या. एक बरोबर ५० हर्ट्झवर, जराही न हलणारी. दुसरी ६३.५ हर्ट्झच्या आसपास, किंचित डुगडुगणारी. दोन्ही विजेच्या मेन्सची घरघर. स्थिर रेषा हल्लीची: फीत डिजिटाइझ करताना वाजवणाऱ्या यंत्रातून आलेली. डुगडुगणारी रेषा फितीतच मुद्रित झालेली आहे, फितीचा वेग हलला की तीही हलते. आता जगात मेन्सची वारंवारता एक तर ५० असते नाहीतर ६०. ही घरघर मुळात ५०ची धरली तर फीत २७ टक्के वेगात चाललीय, म्हणजे चार अर्धस्वर वर. तसं असतं तर निवेदक चिमणीसारखा चिवचिवला असता. ६०ची धरली तर जेमतेम सहा टक्के, म्हणजे जवळजवळ एक अर्धस्वर. तेव्हा ६० हर्ट्झचा देश. बहुधा अमेरिका. कुठल्यातरी पिढीत नक्कल करताना मूळ फीत वेगात फिरली असणार.

फाइल तेवढी हळू केली. पट्टी काळी पाच. बी फ्लॅट.

दुसरा पुरावा सॅक्सोफोननेच दिला. हा टेनरवादक ओळीच्या शेवटी खाली उतरून एकच खर्जातला सूर पुन्हा पुन्हा भोंग्यासारखा काढतो. दुरुस्तीआधी तो सूर पांढरी सहा होता, आता काळी चार झाला, आणि टेनरमधून निघणारा सगळ्यात खालचा सूर तोच. सगळी बोटं मिटली की जो निघतो, तो. वादक त्यावर मुद्दाम येऊन बसतात कारण तो वाजतोच तसा, रांगडा. दोन स्वतंत्र वाटांनी एकच आकडा आला. काकांनी कॉफीचा कप खाली ठेवला, आमच्यात हे टाळ्यांच्या बरोबरीचं मानतात.

वेगाचा घोळ मोठमोठ्यांच्या बाबतीतही झालेला आहे. २ मार्च १९५९ ला ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या "काइंड ऑफ ब्लू"ची पहिली बाजू मुद्रित झाली तेव्हा मुख्य टेप यंत्र हळू चालत होतं. म्हणून तबकडीवर ती बाजू किंचित चढी ऐकू येत राहिली, आणि दुरुस्त आवृत्ती निघाली ती १९९० च्या दशकात. तीसेक वर्षं लोक त्या तबकडीबरोबर रियाज करताना आपलंच वाद्य उतरलंय असं समजत असतील.

कोण वाजवतंय, हे अजून शिल्लक. कागदांवर तीन नावं: लेस्टर यंग, क्विनिशेट, आणि "ठाऊक नाही". तिसरं माझं.

२७ जानेवारी

मोबाइलवरचं गाणी ओळखणारं अॅप वापरायचं का, यावर चर्चा. वापरायचं, पण शेवटी. ते धून ओळखत नाही, ठराविक ध्वनिमुद्रणाचा ठसा ओळखतं. तीच माणसं तीच धून दुसऱ्या रात्री वाजवत असतील तर ते गप्प बसतं, आणि वेग पाच-सहा टक्के सरकला तरी सहसा गप्पच बसतं. म्हणून आधी काका, मग अॅप. या क्रमाने पेटीतल्या बऱ्याच फाइली झटपट सुटल्या, कारण त्या बाजारात निघालेल्या तबकड्यांच्याच नकला होत्या. त्यांची वेगळी नोंद करत नाही.

फाइल ७ वर अॅप गप्प.

४ फेब्रुवारी

धाकट्याने विचारलं, फाइल ११ च्या माहितीत "बकशॉट ला फंक" असा आल्टोवादक दिसतो, त्याच्या इतर तबकड्या कुठे मिळतील? कुठेही. तो कॅननबॉल अॅडरली. दुसऱ्या कंपनीशी करार होता म्हणून लुई स्मिथच्या तबकडीवर खोटं नाव. पार्कर १९५३ च्या टोरंटोमधल्या मॅसी हॉलच्या मैफलीच्या तबकडीवर "चार्ली चॅन" आहे, एरिक डॉल्फी १९६१ मध्ये कोल्ट्रेनच्या "ओले"वर "जॉर्ज लेन". नाव फसवतं, सूर नाही, असं काका विजयी मुद्रेने म्हणाले. या बाबतीत ते बरोबर आहेत.

१५ फेब्रुवारी

फाइल १६, लेबलवर "महोत्सव?". ते प्रश्नचिन्ह काढून टाकायला आजची बैठक पुरली.

पियानो, बास, ड्रम. पियानो बिल एव्हन्स आहे हे सगळ्यांनी पहिल्या आठ बारमध्ये लिहिलं, त्यात कौतुक काही नाही. प्रश्न होता कधीचा. एव्हन्सचं त्रिकूट १९५९ पासून १९८० पर्यंत चाललं आणि माणसं बदलत राहिली. बास ताईने ओळखला: वरच्या पट्ट्यांत सतत बडबडणारा, "एम्ब्रेसेबल यू"मध्ये अख्खी धूनच स्वतःकडे घेणारा. एडी गोमेझ. पण गोमेझ १९६६ ते १९७७, अकरा वर्षं. एवढ्याने भागत नाही.

म्हणून ड्रम. सगळ्यांनी पियानो विसरून फक्त सिंबल (ड्रमची झांज) ऐकायचं असं ठरवून पुन्हा लावलं. मार्टी मोरेल नव्हे. तो नेटका, एव्हन्सच्या मागे सावलीसारखा. फिली जो जोन्स नव्हे. त्याचे ठोके ठसठशीत, कडक. हा माणूस लय धरून बसत नाही, लयीला धक्के देत राहतो. ब्रशने (तारांच्या कुंचल्यांनी) सुद्धा. आणि मध्येच सिंबलवर रंग भरतो तेव्हा पियानो जरा थबकतो, मग त्याच वाटेने जातो. ताईने लिहिलं होतं "डिजॉनेट?", आणि माझ्याही कागदावर तेच होतं, पण प्रश्नचिन्हाशिवाय.

जॅक डिजॉनेट एव्हन्सबरोबर १९६८ मध्ये जेमतेम सहा महिने होता. मग माइल्सने त्याला ओढून नेलं. हे त्रिकूट महोत्सवात मुद्रित झालं ते १५ जून १९६८ ला, स्वित्झर्लंडमधल्या माँट्रोमध्ये. तो महोत्सव क्लॉड नॉब्सने आदल्याच वर्षी सुरू केला होता. धुनींची यादी जुळवून पाहिली: "वन फॉर हेलन", "नार्डिस", "मदर ऑफ अर्ल". जुळली. सुटलं.

या फाइलीवर रेंगाळण्याचं कारण वेगळं आहे. या त्रिकुटाचा जवळपास अर्धशतक हा एकच अधिकृत पुरावा होता. माँट्रोनंतर पाच दिवसांनी, २० जूनला, त्याच तिघांनी जर्मनीत फिलिंगेनच्या स्टुडिओत मुद्रण केलं होतं आणि २२ जूनला नेदरलँड्समधल्या हिल्वर्समला मैफल केली होती. त्या दोन्ही तबकड्या बाहेर आल्या २०१६ आणि २०१७ मध्ये. म्हणजे एका उन्हाळ्यातला एक आठवडा, आणि तो भरून यायला इतकी वर्षं. महोत्सवातलं मुद्रण नसतं तर सहा महिन्यांची ही जोडी इतिहासात तळटीप राहिली असती.

काका आज म्हणाले, "ड्रमवरून वर्ष काढता येतं, मान्य." तारखेनिशी नोंदवून ठेवतो.

२३ फेब्रुवारी

पेटीतल्या एकुलत्या एका तारीखवार लेबलाची वासलात लागली. स्पूलवर ठसठशीत अक्षरात "१९५८". आत बँड "वॉटरमेलन मॅन" वाजवतोय. हर्बी हॅनकॉकने ती धून मे १९६२ मध्ये पहिल्यांदा मुद्रित केली. त्याआधीची ही फीत असणं शक्य नाही. शिवाय मागे काँगा (हातांनी वाजवायचे क्यूबन ढोल) आहेत, आणि मोंगो सांतामारियाने ती धून काँगासकट गाजवली १९६३ मध्ये, तेव्हा बहुधा त्याच्याही नंतरची. वादक कोण, कळलं नाही. चांगले आहेत एवढंच.

खोक्यावरची तारीख किती खोल रुजते याचं मोठं उदाहरण ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउनचं. फिलाडेल्फियातल्या एका जॅम सेशनची फीत १९७३ मध्ये तबकडीवर आली ती त्याच्या मृत्यूच्या काही तास आधीची म्हणून. २६ जून १९५६ च्या पहाटे तो मोटार अपघातात गेला, वय अवघं पंचवीस. ऐकणाऱ्यांनी त्या सोलोंमध्ये निरोप ऐकला. पुढे संशोधकांनी तपासलं तर ती फीत ३१ मे १९५५ ची, वर्षभर आधीची निघाली. सोलो तेच, तितकेच थोर. निरोप मात्र आपला आपणच ऐकलेला.

४ मार्च

आता मे महिन्याचा कार्यक्रम. पहिला प्रस्ताव अपेक्षेप्रमाणे आला: मोठ्या नावांची यादी करा, प्रत्येकाचं एकेक महोत्सवी मुद्रण घ्या, वर्षाच्या क्रमाने लावा. असा कार्यक्रम वाईट नसतो. पण दुसऱ्या तासाला सगळं सारखं ऐकू यायला लागतं, कारण दर वीस मिनिटांनी सगळंच बदललं की कान कशाशी तुलना करणार?

मी सुचवलं की तिन्ही संध्याकाळ ड्रमरवर लावू. पेटीने दोन महिने हेच शिकवलंय, तर वापरू या. दोन तास वाद होऊन तत्त्वतः मान्य.

पहिल्या संध्याकाळची सुरुवात अमेरिकेतला न्यूपोर्ट महोत्सव, ७ जुलै १९५६, ड्यूक एलिंग्टन. यावर दुमत नाही. टेनरवादक पॉल गोन्साल्व्हिसचा "डिमिन्युएन्डो अँड क्रेसेन्डो इन ब्लू"मधला सोलो, २७ आवर्तनं, म्हणजे ब्लूजचे ३२४ बार एका दमात. सगळे त्याच्याबद्दल बोलतात. आपण ऐकायचं आहे ड्रमवाल्या सॅम वुडयार्ड आणि बासवाल्या जिमी वूड यांना. त्या २७ आवर्तनांत गोन्साल्व्हिस फार काही नवं बोलत नाही (हे माझं मत, ताईला राग आला), पण खालचे दोघे लय तसूभरही न हलवता ताण वाढवत नेतात, आणि प्रेक्षक उठून नाचतात ते त्यावर. रंगमंचाच्या कडेला ड्रमर जो जोन्स (फिली जो नव्हे, दुसरा) वर्तमानपत्राची गुंडाळी आपटून ठेका देत होता, तीही याच पक्षाची साक्ष.

कोणती आवृत्ती लावायची हे महत्त्वाचं. गोन्साल्व्हिस त्या रात्री मुद्रण करणाऱ्या कोलंबिया कंपनीच्या माइकऐवजी 'व्हॉइस ऑफ अमेरिका' रेडिओच्या माइकसमोर उभा राहिला. म्हणून १९५६ च्या तबकडीवर सोलो लांबून आल्यासारखा, आणि मैफलीचा बराच भाग तर नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून वर टाळ्या चिकटवलेल्या. पुढे 'व्हॉइस ऑफ अमेरिका'ची फीत सापडली, दोन्ही मोनो फिती एकमेकींशी जुळवून १९९९ मध्ये स्टिरिओ आवृत्ती निघाली. आधी जुनी दोन मिनिटं, मग नवी पूर्ण. काकांच्या मते जुनीच जास्त 'खरी' वाटते. काकांना टाळ्या चिकटवलेल्या चालतात, मोबाइलचं अॅप चालत नाही.

त्याच संध्याकाळी दुसरं: बासवादक चार्ल्स मिंगस, फ्रान्समधला अँटीब महोत्सव, १३ जुलै १९६०. ड्रमवर डॅनी रिचमंड. मिंगसच्या मनात आलं की लय दुप्पट, आलं की बंद. आणि रिचमंड त्याच क्षणी तिथे हजर. "आय'ल रिमेंबर एप्रिल" न सांगता लावायचं आणि पियानोवर कोण ते लिहायला सांगायचं. या गटात पियानोवादक नव्हताच, मिंगस स्वतः काही धुनींत बसला होता. या धुनीपुरता पाहुणा आला तो बड पॉवेल. नवीन मंडळींची फजिती होईल, पण गोड फजिती.

१२ मार्च

तिसरी संध्याकाळ आधी ठरली, कारण फाइल १६ डोक्यातून जात नव्हती. जॅक डिजॉनेट, चार महोत्सव, चार वर्षं:

कॅलिफोर्नियातलं माँटेरे, सप्टेंबर १९६६, सॅक्सोफोनवाल्या चार्ल्स लॉइडचं "फॉरेस्ट फ्लॉवर", दोन्ही भाग सलग, अठराएक मिनिटं. पियानोवर एकवीस वर्षांचा कीथ जॅरेट.

माँट्रो, जून १९६८, पेटीतलीच फीत. घासलेली आहे तरी तीच लावायची, तबकडी नाही. एवढा मान पेटीचा.

न्यूपोर्ट, ५ जुलै १९६९, माइल्स. सॅक्सोफोनवाला वेन शॉर्टर वेळेत पोचलाच नाही, त्यामुळे माइल्सचा ट्रम्पेट, कीबोर्डवर चिक कोरिया, बासवर डेव्ह हॉलंड आणि ड्रमवर डिजॉनेट एवढेच. चोवीस मिनिटं, श्वास घ्यायला जागा नाही. "बिचेस ब्रू" स्टुडिओत मुद्रित व्हायला अजून सहा आठवडे होते आणि त्यातलं बरंच इथे आधीच कानावर पडतं.

इंग्लंडमधलं आइल ऑफ वाइट, २९ ऑगस्ट १९७०. रॉक महोत्सव, अफाट गर्दी, आणि पुन्हा माइल्स. कीबोर्डवर कोरिया आणि जॅरेट दोघेही. या सलग वादनाला काय म्हणायचं असं विचारल्यावर माइल्सने काहीही म्हणा असं उत्तर दिलं आणि ते तबकडीवर "कॉल इट एनिथिंग" याच नावाने आलं. आमच्यासारख्यांना याहून चांगला गृहपाठ कुठला? त्या एका नावाखाली "डायरेक्शन्स", "बिचेस ब्रू", "इट्स अबाउट दॅट टाइम", "सँक्चुअरी", "स्पॅनिश की" आणि शेवटी "द थीम" असं सगळं आहे. सांधे कुठे आहेत ते प्रत्येकाने घड्याळ लावून टिपायचं.

चारही एका संध्याकाळी ऐकली की एकच हात कुठे कुठे जातो ते दिसेल. एव्हन्सच्या मागचे ब्रश आणि आइल ऑफ वाइटचा दणका, मध्ये फक्त दोन वर्षं.

२१ मार्च

फाइल ७ पुन्हा उघडली, दुरुस्त वेगाने, आणि या वेळी माझ्याच नियमाने: टेनरकडे पूर्ण दुर्लक्ष. स्नेअर, म्हणजे संचातला तडतड वाजणारा छोटा ड्रम. हा ड्रमर स्नेअरवर जे करतो ते त्या काळात फारसं कोणी करत नसे. ठेका नव्हे, शेरेबाजी. कोरडे, तडतडीत, वाक्याच्या भलत्याच जागी पडणारे शेरे. ताईने कागद न बघता म्हटलं, "रॉय हेन्स." नियमभंग, पण माफ.

मग शेवटचा निवेदक. वेग उतरवल्यावर त्याचा आवाजही खाली आला, जाडसर, आरामात बोलणारा. काकांनी जॅझचा रेडिओ निवेदक सिम्फनी सिड याच्या ज्ञात निवेदनांशी ताडून पाहिला. तोच. सिड रेडिओवरून थेट प्रक्षेपण करायचा ते १९४८-४९ मध्ये न्यू यॉर्कच्या रॉयल रूस्ट क्लबातून, आणि पुढे बर्डलँड क्लबातून, जे डिसेंबर १९४९ मध्ये उघडलं. हेन्स लेस्टर यंगकडे होता १९४७ ते १९४९, मग पार्करकडे गेला. यंगची रूस्टमधली प्रक्षेपणं जतन झालेली आहेत. म्हणजे टेनर लेस्टर यंग, जागा रॉयल रूस्ट, काळ १९४८-४९, असं दिसतं. क्विनिशेट लिहिणाऱ्यांचा कानही वाईट नव्हता. पण हेन्स, सिड आणि टेनर ही तिन्ही टोकं यंगपाशीच येऊन मिळतात.

तरी नोंदीत "बहुधा" लिहिलं आहे. निघालेल्या प्रक्षेपणांतल्या ब्लूजशी सोलो बारागणिक ताडून झाल्याशिवाय तो शब्द काढायचा नाही. ते काम धाकट्याकडे. त्याला सांगून ठेवलं: आकडे जुळले पाहिजेत, मन नव्हे.

२ एप्रिल

फाइल ७ मुळे दुसरी संध्याकाळ आपोआप सुचली. रॉय हेन्स विरुद्ध एल्विन जोन्स, पुढे तोच कोल्ट्रेन.

न्यूपोर्ट, ७ जुलै १९६३. कोल्ट्रेनचा नेहमीचा ड्रमर एल्विन त्या सुमारास गटात नव्हता, त्याच्या जागी हेन्स. "माय फेव्हरिट थिंग्ज" लावायचं. पियानोवर मॅककॉय टायनर आणि बासवर जिमी गॅरिसन नेहमीचेच, म्हणून बदलतो तो फक्त ड्रम, आणि काय बदलतं पाहा: एल्विनचे मात्रेचे तीन-तीन तुकडे करणारे भोवरे जाऊन त्या जागी स्नेअरचे तडतडीत शेरे. कोल्ट्रेनची वाक्यं आखूड होतात असं मला वाटतं. काकांना वाटत नाही. त्या संध्याकाळी मतदान घेऊ.

मग अँटीब, २६ जुलै १९६५, "अ लव्ह सुप्रीम", एल्विन परत. डिसेंबर १९६४ च्या स्टुडिओ मुद्रणाला तेहतीस मिनिटं लागली होती, इथे अठ्ठेचाळीस. वाढलेली पंधरा मिनिटं कुठे गेली ते ऐकायचं. माझ्या मते मोठा वाटा एल्विनने खाल्ला. धाकट्याला सिएटलची, २ ऑक्टोबर १९६५ ची, २०२१ मध्ये निघालेली आवृत्तीही हवी होती. पाऊण तासाहून कितीतरी मोठी, सव्वा तासाची, आणि तो क्लब, महोत्सव नव्हे. नाही म्हटलं. तो नाराज आहे. घरी ऐकेल, आणि ऐकावीच.

१४ एप्रिल

गटातले दोघे उन्हाळ्यात प्रत्यक्ष महोत्सवाला जाणार आहेत. चार रंगमंच, एकाच वेळी चालणारे, आणि हातात मोठ्या नावांचं पत्रक. त्यांनी सल्ला मागितला. गट कोणाच्या नावाचा आहे ते झाकून ठेवा आणि ड्रम व बास कोण वाजवतंय ते शोधा. पत्रकात नसेल तर आयोजकांच्या सविस्तर यादीत असतं. जोडी नवी असेल तर पहिल्या रात्री ऐका, अजून एकमेकांना चाचपत असतात, तेव्हा अपघात होतात आणि अपघात ऐकण्यासारखे असतात. जोडी जुनी असेल तर शेवटच्या दिवशीही चालेल. ध्वनिव्यवस्थेच्या खोक्यांजवळ उभं राहू नका, तिथे बास फक्त पोटात ऐकू येतो. ध्वनियंत्रकाच्या टेबलाच्या आसपास उभं राहा. आणि अर्ध्यात उठून दुसऱ्या मंचाकडे धावू नका. दोन अर्धे कार्यक्रम मिळून एक होत नाही.

काकांची पुरवणी: कुठल्या दिवशी, कुठल्या मंचावर, कोण कोण वाजवत होतं, हे त्याच रात्री लिहा. मुद्रण करायला परवानगी नसते, लिहायला असते. आणि "छान टेनर" असं लिहू नका.

२८ एप्रिल

धाकट्याचं ताडून झालं. फाइल ७ मधली सहा आवर्तनं एका ज्ञात प्रक्षेपणातल्या ब्लूजशी जवळजवळ जुळतात, पण "जवळजवळ"च: तिसऱ्या आवर्तनात खर्जातला भोंगा आमच्या फितीत दोन बार जास्त टिकतो. म्हणजे तीच माणसं, तीच धून, दुसरी रात्र. यादीत नसलेली रात्र असू शकते, किंवा यादी आम्हाला पूर्ण मिळालेली नसेल. "बहुधा" हा शब्द आता फक्त तारखेपुढे उरला आहे, वादकांपुढून काढला.

काकांनी दुरुस्त फाइल आणि वर्णपट संग्राहकाच्या घरच्यांना पाठवला. त्यांच्याकडून उत्तर आलं की माळ्यावर आणखी एक खोकं सापडलंय, त्यावर काहीच लिहिलेलं नाही. मे महिन्याचा कार्यक्रम उरकल्यावर घेऊ. सध्या दुसऱ्या संध्याकाळच्या मतदानाची चिठ्ठी कोणी छापायची यावर अडलंय. काका म्हणतात हात वर केले की झालं, ताई म्हणते हात वर केले की सगळे काकांकडे बघून करतात.